रेडिओ तापेपर्यंत

चार वर्षांचं वय घ्या. त्याच्या खाली उतरू नका. ऐकू तर माणसाला आईच्या पोटातच यायला लागतं, सहाव्या-सातव्या महिन्यापासून तिचा आवाज आतपर्यंत पोचतो. पण त्यातलं पुढे काही आठवत नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं जे आपण ‘मला आठवतंय’ म्हणून ठासून सांगतो, ते बरेचदा मावशीने सांगितलेलं निघतं.

तेव्हा चार. ठिकाण पुणे, नारायण पेठ, नदीच्या बाजूचा एक वाडा. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. हा दिवस तुम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. सकाळी पावणेनऊला पुणे केंद्रावर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागणार. ते पहिल्यांदा लागतं तेव्हाच ऐकायचं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. फक्त एक अट आधी कुणी सांगत नाही. कान ज्या मुलीचे मिळतील, लक्षही तिचंच मिळतं.

उतरलात. अंधार आहे. अंगावर आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी, तिला कापराचा आणि ओव्याचा वास. मागच्या अंगणात आजी बंब पेटवते आहे आणि भूपाळी म्हणते आहे. कुणासाठी म्हणते? कुणासाठीच नाही. सूर लागला की नाही याची तिला फिकीर नाही. ढलपी ओली निघाली की ओळ मध्येच थांबते, फुंकणीतून दोन फुंकरा जातात, आणि ओळ तिथूनच पुढे सुरू होते. त्या फुंकराही भूपाळीतल्याच आहेत, असं तुम्हाला वाटतं. पुढे कधीतरी एखादी नामवंत गायिका हीच भूपाळी न थांबता, सलग गाईल, तेव्हा काहीतरी गाळल्यासारखं वाटेल.

मग दिंडीदरवाज्यातून चिपळ्या. वासुदेव! मोरपिसांची टोपी, घोळदार अंगरखा, हे सगळं तुम्हाला पाहायचं आहे. पण ही पोरगी त्याला घाबरते. ती गोधडीत डोकं खुपसते, आणि वासुदेव तुमच्या वाट्याला येतो तो नुसता ऐकू येणारा: चिपळ्या, पायातला चाळ, सुपातून झोळीत पडणारे तांदूळ. तो बोळाच्या टोकाशी पोचेपर्यंत ती श्वास धरून असते. ताल पहिल्यांदा पोटात शिरतो तो असा, भीतीच्या वाटेने. संगीताच्या शिक्षकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आंघोळ झाली की ती थेट मालकांच्या सोप्यावर. आठ बिऱ्हाडांत रेडिओ एकच. भिंतीतल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली. वर छताशी जाळीची एरियल ताणलेली. मालक बटण फिरवतात आणि काहीच होत नाही. आतले व्हॉल्व्ह तापायचे असतात. आधी काचेवरची गावांची नावं उजळतात, मग तापल्या धुळीचा वास सुटतो, मग हिरवा डोळा हळूहळू मिटत येतो, आणि खोल कुठूनतरी एक घुंऽऽ उठतं. या मुलीला जे ऐकायचं असतं ते हे. बाकी सगळे गाण्याची वाट बघतात, ती या घुंकाराची.

त्यातून उगवल्यासारखी केंद्र सुरू होण्याची धून येते. तंबोरा, त्यावर व्हायोलिन. ती कुणाची, हे तुम्हाला माहीत आहे. वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची ती मानली जाते. हा १९०७ साली कार्ल्सबादला जन्मलेला ज्यू माणूस. हिटलरच्या सावलीतून निघून १९३४ मध्ये मुंबईला आला, रेडिओवर नोकरीला लागला आणि १९४६ साली निघून गेला. त्याच्या सुरांनी निम्म्या देशाच्या सकाळी उघडल्या. हे तुम्हाला तिला सांगावंसं वाटतं. सांगता येत नाही. तिच्या मते गाय जशी हंबरते तसा हा रेडिओचा स्वतःचा आवाज आहे, आणि गायीचं हंबरणं कुणी बांधलं, असं कुणी विचारतं का?

आणखीही एक गोष्ट तुम्ही सांगू शकत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटेल आणि नदी या पेठांत शिरेल. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल.

साडेआठला सोपा भरतो. सुट्टीचा दिवस. सुंठवडा कुटायचा ठेवून बायका आल्या आहेत. दुपारी तुळशीबागेत रामजन्माच्या कीर्तनाला जायचं आहे. अजून रेडिओला हार नाही, उदबत्ती नाही. ते पुढच्या शुक्रवारांपासून हळूहळू सुरू होईल, वर्तमानपत्रं गाणी छापू लागतील, वर्षभरात छप्पन्न गाणी होतील. आज कुणालाच काही ठाऊक नाही. गाणं माडगूळकरांचं, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. तिकडे केंद्रावर मोठा गोंधळ झाला होता, असं सांगतात: लिहिलेलं गाणं हरवलं, माडगूळकर संतापले, केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत कोंडलं आणि गाणं पुन्हा लिहून घेतलं. किस्सा घासूनपुसून गोल झालेला असेल, पण सोडवत नाही.

पावणेनऊ. तुम्ही कान टवकारता, आणि ही कार्टी फळीच्या बाजूला चढवून ठेवलेल्या ट्रंकेवर चढते. तिला रेडिओच्या मागे बघायचंय. दादाने सांगितलंय, आत माणसं असतात. पुठ्ठ्याच्या भोकांतून लालसर काचेचे दिवे दिसतात, एका रांगेत. माणूस एकही नाही. समोर भूपातले ते पाच सूर उलगडताहेत, मध्यम नाही, निषाद नाही, सोपा स्तब्ध आहे, आणि तुम्हाला सगळं ऐकू येतंय ते पाठीमागून, पुठ्ठ्यातून, घोगरं. अगं समोर जा! ती दिवे मोजते.

कुणीतरी पाय धरून तिला खाली ओढतं. आजीच्या मांडीवर पडता पडता तिला एवढं कळतं की गाण्यात दोन मुलं आहेत आणि ती गाताहेत.

“कुठली मुलं?”

“शूः!” सगळ्या सोप्यातून.

“कुश-लव गं, ठमे,” आजी कानात सांगते. “रामाचीच मुलं. रामापुढे बसून गातायत, अन् रामाला ठाऊकच नाही आपली म्हणून.”

“मग आवाज मोठ्या माणसाचा का?”

आजी पदर डोळ्यांना लावते. उत्तर देत नाही. मालकीणकाकू हसू दाबतात. तेवढ्यात गाणं संपतंही. तुम्ही ज्यासाठी आलात त्यातलं धड एक कडवंही पुरतं ऐकायला मिळालेलं नाही. साठीला आल्यावर ही बाई नातवंडांना ठामपणे सांगेल, गीतरामायणाचं पहिलं गाणं मी पहिल्या दिवशी ऐकलंय. खोटं म्हणता येणार नाही.

दुपारी, कीर्तनाला निघायच्या आधी, ती रॉकेलचा रिकामा डबा ठेवायच्या खोक्यात शिरून बसली आहे. खेळ रेडिओचा. दादाने बाहेरून खिळा फिरवला. तिने गाल फुगवून घुंकार सुरू केला, थेट त्याच पट्टीत. मग व्हायोलिन, नाकातून, बऱ्यापैकी. त्यानंतर आजीची भूपाळी, फुंकरांसकट.

“हे नको. सकाळचं लाव, रामाचं,” दादा म्हणतो आणि खिळा पुन्हा फिरवतो.

खोक्यातून काहीच येत नाही.

“अगं लाव ना!”

“थांब. अजून तापायचाय.”