फादर हेरास आणि एक मासा

धोबीतलावाच्या झेवियर्स कॉलेजात 'हेरास इन्स्टिट्यूट' आहे. नाव ऐकलेले पुष्कळ, पण हेरास कोण हे माहीत असलेले फार थोडे.

हेन्री हेरास मूळचे बार्सिलोनाचे, जन्म १८८८चा. येशूसंघीय धर्मगुरू. १९२२ साली मुंबईत आले, झेवियर्समध्ये इतिहास शिकवायला. त्यांची एक गोष्ट सांगतात. कुठला इतिहास शिकवणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, भारताचा. त्याबद्दल काय माहिती आहे? काहीच नाही. मग शिकवणार कसा? अभ्यास करून!

आणि गृहस्थाने खरंच केला. १९२६ मध्ये कॉलेजातच संशोधन संस्था काढली. १९२७ला विजयनगरच्या अरविडू घराण्यावर ग्रंथ, १९३३ला पल्लवांवर. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांवर न ठेवता शिलालेख, नाणी, मूळ कागदपत्रं यांच्याकडे वळवलं. कदंबांचा इतिहास लिहिणारे जॉर्ज मोराएस त्यांचेच शिष्य.

पण त्यांना खरं झपाटलं ते सिंधू लिपीने. ती भाषा द्राविडी कुळातली, असं त्यांचं म्हणणं. मुद्रांवर माशाचं चिन्ह वारंवार येतं. तमिळमध्ये 'मीन' म्हणजे मासा, आणि 'मीन' म्हणजे तारासुद्धा. मग तो मासा म्हणजे आकाशातला तारा तर नव्हे? (आपली मीन रास आठवली ना?) या एका धाग्यावरून ते शेकडो लेख वाचत सुटले. १९५३मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ आला. १९५५ साली ते मुंबईतच वारले.

ती वाचनं विद्वानांनी मान्य केली नाहीत. लिपी अजूनही कुलुपबंदच आहे. म्हणजे एवढी वर्षं फुकट गेली म्हणायची का?

मला तसं वाटत नाही. फिनलंडच्या आस्को पारपोलांनी पुढे तोच माशाचा धागा उचलला आणि जास्त सावधपणे पुढे नेला. हेरासांची घाई गळून पडली, कल्पना टिकली. शिवाय कुठलाही दावा अस्सल साधनांवर तपासून घ्यायचा, हे शिकवलं कोणी? त्यांनीच. त्यांचं स्वतःचं वाचन त्या कसोटीला उतरलं नाही, पण म्हणून कसोटी खोटी ठरत नाही.

१९८१ला भारत सरकारने त्यांच्यावर तिकीट काढलं. मला मात्र ते 'काहीच नाही' जास्त आवडतं. एवढं मोकळेपणाने बोलणारे प्राध्यापक किती भेटतात हो?