परसबाग आखण्याआधी घरच्या बादल्या मोजा

माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा आपला पट्टा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. बियाण्याच्या पुडीवर जून-जुलै छापलेलं असतं. त्यावर विसंबून मृगात वाफे भरले, तर ऑगस्टात पाणी ओतत बसावं लागतं. जूनला गवार, चवळी, भेंडी एवढंच टोकावं. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटोचा खरा हंगाम उत्तरा-हस्त नक्षत्रापासून.

जागा किती धरायची, इथंच लोक चुकतात. मीही चुकलो. पहिल्या वर्षी अर्धा गुंठा खणला, दिवाळीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना भाजी वाटली. मार्चअखेर बोअर आटलं, टँकर सुरू झाला आणि प्यायच्या पाण्यातलं झाडांना घालायचं का, यावरून घरात भांडण. सगळी बाग वाळली.

आता हिशेब असा धरतो. एक चौरस मीटर वाफ्याला थंडीत रोज साधारण 4 लिटर आणि एप्रिल-मेमध्ये 7-8 लिटर पाणी लागतं. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला उन्हाळ्यात 70 लिटर, 15 लिटरच्या जवळपास पाच बादल्या. भाजी-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी तुमच्या घरात किती निघतं, ते आठवडाभर मोजा. जेवढं निघेल तेवढीच उन्हाळी बाग. हिवाळ्यात तेवढ्याच पाण्यात दुप्पट जागा भिजते. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते शेवग्याला सोडा.

कोकणासारखे उंच गादीवाफे इथं करू नका, पाणी बाजूनं निघून जातं. वाफा जमिनीपेक्षा तीन-चार इंच खोल ठेवा. वर पाचट किंवा बाजरीच्या सरमाडाचा दोन-तीन इंच थर द्या (वाळवी लागते का, तेवढं उचकून बघत जा).

पारा 38-40 वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, कोथिंबीर लगेच फुलावर येते. तेव्हा त्यांचा नाद सोडावा. तांदूळजा, गवार, चवळी तग धरतात. वाफ्याच्या पश्चिमेला शेवगा लावला, तर दुपारनंतरची सावली वाफ्यावर पडते. पीकेएम-1 बियांपासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो. बहर संपला की तीन फुटांवर छाटा, नाहीतर पुढच्या शेंगा काढायला शिडी लागते.