माँट्रेसरला वेडा ठरवण्याची घाई

एडगर ॲलन पोच्या 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' (१८४६) या कथेवर एक निकाल हमखास दिला जातो. उंची दारूचे आमिष दाखवून फॉर्च्युनाटोला तळघरात नेणारा आणि जिवंत भिंतीत चिणणारा माँट्रेसर वेडा आहे. कारण आपला नेमका कोणता अपमान झाला, हे तो सांगतच नाही. या पक्षात तथ्य आहे. हजार आगळिकी सोसल्या म्हणणाऱ्याने त्यातली एकही सांगू नये, हे संशयास्पदच.

पण हेतू सांगितला नाही म्हणजे तो नव्हता, हे कुठले तर्कशास्त्र? पोला निर्हेतुक खुनी रंगवायचा होता तेव्हा त्याने तो उघड रंगवला. 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) मधला निवेदक म्हाताऱ्यावर आपला राग नव्हता, उलट जीव होता, असे स्वतःच बजावतो. माँट्रेसर तसे कुठेही म्हणत नाही.

तळघरातला संवाद पाहा. तू श्रीमंत, मानाचा, सुखी आहेस. एके काळी मीही होतो, असे तो बोलून जातो. त्याचे घराणे कधीकाळी मोठे होते आणि फॉर्च्युनाटोला त्या घराण्याचे मानचिन्हसुद्धा आठवत नाही! सापाला चिरडणारे सोन्याचे पाऊल, आणि त्याच टाचेत दात रुतवलेला साप. खुनाचे कारण मला इथे दिसते. उतरती कळा लागलेल्या घरातला माणूस शिवी पचवेल. आपण कोण हेच समोरचा विसरला, हे त्याला पचत नाही. असा अपमान सांगायला जावे तर ऐकणारा हसेल. म्हणून तो गप्प.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला हे परके वाटू नये. याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे जाधवराव आणि भोसले यांच्यातला रक्तपात 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आला आहे. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्या झटापटीत दत्ताजी जाधव शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी भोसले यांच्या हातून पडले आणि दत्ताजींचे वडील लखुजीराव यांनी त्या संभाजींना ठार केले. लखुजीराव शहाजीराजांचे सासरे, पण ही सोयरीकही आड आली नाही. हत्ती निमित्त, पणाला लागली ती घराण्याची इभ्रत. लखुजीरावांना कुणी वेडे म्हटले नाही, कारण तिथे कारण आणि सूड दोन्ही चारचौघांत घडले.

माँट्रेसरने मात्र सगळे अंधारात उरकले. आपल्यावर सूड उगवला जातो आहे हे बळीला उमगले पाहिजे, ही अट त्याचीच. फॉर्च्युनाटो आधी थट्टा समजून हसतो, मग देवाची आण घालतो. कशासाठी, हे त्याला कोणी सांगत नाही. सूड घेणाऱ्याच्याच कसोटीवर हा सूड फसला आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही माँट्रेसर ती हकीकत सांगत बसला आहे तो त्यामुळेच.