खंड्याची पालखी आणि बाकीचे कुत्रे

पाचगणीच्या कड्यावरून खाली पाहिलं की धोमच्या जलाशयात अडवलेली कृष्णा दिसते. तीच कृष्णा पुढे वाई ओलांडून साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा नदीला भेटते, आणि तिथे राजघराण्याच्या समाध्यांच्या सोबतीला एक समाधी कुत्र्याची आहे. हा थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने धन्याला वाचवलं, अशी कथा आहे. महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, भर दरबारात जरीचा पोशाख घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. तिच्यात तिखटमीठ किती, हा वाद इथे नको. माहुलीचा दगड खरा आहे. या दगडामुळे एक प्रश्न मात्र पडतो. ज्या मुलखात कुत्र्याला पालखी मिळाली, त्या मुलखात गल्लीतल्या खरजेल्या कुत्र्याचं काय झालं? माझं म्हणणं असं की आपल्याकडे कुत्र्याला मान मिळाला, घास मिळाला, पुढे आसराही मिळाला. मिळाला नाही तो रोज येऊन त्याच्या अंगाला हात लावणारा माणूस. निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकाला आज आपण हौशी समजतो. इतिहास पाहिला तर नेमकी तीच जागा रिकामी राहिलेली दिसते.

मान आणि घास यांबद्दल फार सांगायला नको. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले प्रत्येक तसबिरीत दिसतात. औदुंबर आणि नरसोबाची वाडी याच कृष्णाकाठी आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. वैश्वदेवात कुत्र्याचा भाग वेगळा काढायची रीत होती. पण हा घास दाराबाहेर टाकायचा. टाकला की घरधन्याचं काम संपलं. कुत्र्याच्या कानामागच्या गोचिडी कोणी काढायच्या, जखमेत अळ्या पडल्या तर ती कोणी धुवायची, याबद्दल शास्त्र आणि रूढी दोन्ही गप्प. नामदेवांच्या कथेतला संत तूप घेऊन धावला, हेच मुळी अपवाद म्हणून सांगितलं जातं.

आसऱ्याची ही गोष्ट मुंबईची आहे आणि ती बरीच धगधगती आहे. मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ पासून चालवला होता. उन्हाळ्यात ठरावीक काळ ही मोहीम चाले आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ साली मुदत वाढवली, आणि बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतल्या ‘सगदीद’मध्ये मृतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्या वर्षी ६ जूनला पारशी रस्त्यावर आले, हिंदू आणि जैन व्यापारी त्यांना मिळाले, बाजार बंद पडला आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडवली गेली. सरकारने दंगल मोडून काढली, धरपकड केली; पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, ही मागणी पुढे आली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद घराण्यातले शेठ मोतीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळची संस्था उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या उलाढालीवर पट्टी लावून घेतली. दयेसाठी स्वतःवर कर बसवणारा बाजार ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही पांजरपोळची मर्यादा तिच्या रचनेतच होती. पैसा महाजनांचा, काम पगारी नोकरांचं. आत आलेलं जनावर मारलं जाणार नाही, एवढी हमी होती. बरं होईल किंवा कुणाच्या घरी जाईल, याची नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी पांजरपोळांवर सडकून टीका केली. यावर कुणी म्हणेल, साहेबाची साक्ष कशाला? जे सरकार आठ आण्यांत कुत्रं मारत होतं, त्याने दयेचे धडे द्यावेत हा कांगावाच. ते मान्य. पण साहेबाला साक्षीतून वगळलं तरी परिणाम उरतो. कुत्र्यांवरून पेटलेल्या शहराने उभी केलेली ही संस्था पुढे प्रामुख्याने गाईंची झाली. गाईला चारा घातला की निम्मं काम झालं, आणि चाऱ्याचं पुण्य दात्याला दारातच विकत घेता येतं. कुत्र्याचं तसं नाही. त्याला माणूस लागतो.

असा माणूस कुठे मिळेल, हे पाहायला आता पाचगणीकडे येऊ. १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, अमरल, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या पठाराशेजारी हे गाव वसवलं, सिल्व्हर ओकची झाडं लावली, धंदेवाल्यांना बोलावून जागा दिल्या. त्यांत पारशीही होते. पुढे निवासी शाळा आल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. थोडक्यात, दुसऱ्यांची मुलं आणि दुसऱ्यांचे आजारी सांभाळणं हाच या गावाचा शंभराहून अधिक वर्षांचा व्यवसाय आहे. वेळेवर जेवण, वेळेवर फिरणं, मोकळी हवा, आणि रोज तोच ओळखीचा चेहरा: क्षयावर औषध नव्हतं तेव्हा बेल-एअरसारख्या ठिकाणांचा सारा भर या शिस्तीवर होता. निवाऱ्यातल्या कुत्र्यालाही हेच लागतं. फरक एवढाच की मुलाची फी पालक भरतात, रोग्याचा खर्च घरचे किंवा दाते उचलतात, कुत्र्यामागे कुणीच उभं नसतं. हंगामात त्याला हॉटेलच्या मागच्या दाराशी उरलंसुरलं मिळतं, हंगाम सरला की तेही आटतं.

निवाऱ्यातलं काम जवळून पाहिलं तर मुद्दा स्पष्ट होतो. पिंजरा फिनेलने धुणं, भात शिजवणं, डोस देणं हे पगारी माणूस करू शकतो आणि करतोही. पण कोपऱ्यात शेपूट पायांत घालून बसलेलं, ताटली सरकवली तरी न खाणारं कुत्रं त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. त्याच्याजवळ कुणीतरी नुसतं बसावं लागतं. समोर नाही, तिरकं, डोळ्यांत न बघता. हात वरून डोक्यावर न आणता खालून, मूठ मिटून पुढे करायचा आणि त्याने हुंगेपर्यंत थांबायचं. काही दिवसांनी ते खातं, मग गळ्यात पट्टा घालू देतं, मग दोरीला ओढ न देता चालतं. इतकं झालं तरच त्याला कुणी घरी नेण्याची शक्यता असते, आणि एक कुत्रं घरी गेलं तरच दुसऱ्याला जागा होते. यात पैशाने विकत मिळेल असं फार थोडं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला? पण रेबीज मारतो तो माणसांनाच, त्यातही गरिबांना. जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं या रोगाने मरतात आणि रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोगाची साखळी तोडायला ७० टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते, आणि माणसाच्या हाताची सवय असलेलं कुत्रं जाळं न टाकता धरता येतं. मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्थांनी भटक्या कुत्र्यांवर रस्त्यातच प्रथमोपचार केले, लसीकरण आणि नसबंदीची बाजू लावून धरली, पुढे २००१ च्या केंद्रीय नियमांनी तीच वाट अधिकृत केली. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे सगळं सुखवस्तू घरांतल्या मुलांचं, प्रमाणपत्रापुरतं. शाळेचे सेवेचे तास भरले की मुलगा परत येत नाही, आणि ज्याला लळा लागला ते कुत्रं वाट बघत राहतं. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, त्यात तथ्य आहे. पण त्यावरचा इलाज म्हणजे नियमितपणा. स्वयंसेवाच नको, हा नव्हे. आठवड्यातला एकच वार, पण वर्षभर तोच. एक मुलगा गेला की त्याच्या वाराला दुसरा. दर वर्षी नवी तुकडी येणाऱ्या शाळांच्या गावाला हे इतर कुठल्याही गावापेक्षा सोपं आहे. हे काम फक्त गोऱ्यांचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी सांगलीकडे पाहावं. तिथे २००३ पासून ‘ॲनिमल राहत’ ही संस्था साखर कारखान्यांच्या बैलांवर उपचार करते आणि थकलेल्या बैलांना आसरा देते. तिथली कामं करणारी माणसं याच भागातली आहेत.

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. पाचगणीत तर वळणावळणावर शाळा. म्हणजे पिंजरे बांधावे लागतील, निविदा निघतील, पत्रे आणि जाळ्या येतील. १८३४ मध्येही एवढं झालंच होतं, आणि तेव्हाच्या व्यापाऱ्यांनी सढळ हाताने पैसा दिला होता. म्हणून पाचगणीच्या नगरपरिषदेने आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी निवाऱ्याचा आराखडा मंजूर करण्याआधी एक साधी वही उघडावी: कोणत्या वारी कोणत्या शाळेची, कोणत्या वॉर्डातली माणसं येणार, रेबीजची प्रतिबंधक लस कुणी घेतली आहे, आणि सुट्टीत शाळा बंद असताना त्यांच्या जागी कोण. ही वही भरत नसेल तर पिंजऱ्यांची संख्या वाढवू नये.