आभासी दूरध्वनी प्रणाली : लहान व्यवसायासाठी निवड

आभासी दूरध्वनी प्रणाली : एखाद्या सिमकार्डाला, तारेला किंवा टेबलावरच्या यंत्राला न बांधलेला दूरध्वनी क्रमांक आणि त्यावर येणारे कॉल ठरलेल्या माणसांकडे वळवणारी, सेवादात्याच्या सर्व्हरवर चालणारी व्यवस्था. भारतीय बाजारात ती ‘व्हर्च्युअल नंबर’ किंवा ‘क्लाउड टेलिफोनी’ या नावांनी विकली जाते. दवाखाने, क्लास, वाहतूकदार, दुरुस्ती सेवा, घाऊक व्यापारी असे जिथे दोनापासून वीसपर्यंत माणसे फोन घेतात, ते तिचे नेहमीचे गिऱ्हाईक.

हिचा पूर्वज म्हणजे कचेरीतील ईपीएबीएक्स : कोपऱ्यातले खोके, एक ऑपरेटर आणि खोलीखोलीत एक्स्टेन्शन. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले आणि साध्या संगणकाचाही एक्स्चेंज होऊ लागला. इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या ‘सिप’ या मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. यानंतर खोके कचेरीत असण्याची गरज उरली नाही. भारतात मात्र वाट थोडी वेगळी निघाली. २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी असली, तरी देशांतर्गत कॉल इंटरनेटवरून साध्या फोनच्या जाळ्यात सोडण्यास दीर्घकाळ मनाई होती. ती २०१८ मध्ये सैल झाली. त्या मनाईमुळे नोलॅरिटी (२००९), एक्झोटेल (२०११) यांसारख्या कंपन्यांनी आपली सेवा पीआरआय लाइनींवर, म्हणजे साध्या फोनच्या जाळ्याच्या डिजिटल जोडण्यांवर, उभारली. अशा एका लाइनीवर एका वेळी ३० कॉल चालतात. ग्राहकाचा कॉल सेवादात्याकडे पोहोचतो, तिथला सर्व्हर कर्मचाऱ्याच्या मोबाइलला दुसरा कॉल लावतो आणि दोन्ही एकमेकांना जोडतो. म्हणजे बोलणे साध्या फोनवरच होते. कर्मचाऱ्याला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

कॉल न उचलता त्याची नोंद घेण्याचा उपयोगही याच यंत्रणेतून निघाला. २०११ च्या लोकपाल आंदोलनात अण्णा हजारे यांना पाठिंबा कळवण्यासाठी लोकांनी मिस्ड कॉल दिले. या कल्पनेवर उभी राहिलेली बंगळूरची ‘झिपडायल’ कंपनी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली.

निवड : दोन कॉल जोडण्याच्या या पद्धतीतच खर्चाचे मर्म आहे. काही योजनांत येणारा कॉल आणि कर्मचाऱ्याला लावलेला कॉल अशा दोन्ही बाजूंची मिनिटे मोजली जातात. पल्स, म्हणजे पैसे मोजण्याचे एकक, ३० सेकंदांचा आहे की ६०, हेही विचारावे. चौकशीचे कॉल छोटे असल्यामुळे मोठ्या पल्समध्ये पैसे वाया जातात. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ग्राहकाचा खरा क्रमांक दिसतो की सेवादात्याचा, हे डेमोतच पाहून घ्यावे. खरा दिसत नसेल, तर परतीचा कॉल करताना दरवेळी डॅशबोर्ड उघडावा लागतो.

क्रमांकाचा प्रकार हा पुढचा प्रश्न. १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर कॉलचे पैसे घेणारा भरतो, १८६० वर करणाऱ्यालाही भुर्दंड पडतो. २०१६ नंतर अमर्याद कॉलचे पॅक सर्वत्र झाल्याने टोल-फ्रीचे जुने आकर्षण ओसरले आहे. ते आता बहुतांशी प्रतिष्ठेपुरते. ज्याचे गिऱ्हाईक एकाच शहरातले आहे, त्याला ०२० किंवा ०२३१ असा स्थानिक कोड अधिक उपयोगी पडतो.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे क्रमांक कोणाच्या मालकीचा. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. पण ती क्रमांक ज्याच्या नावावर नोंदलेला असतो त्याच्यासाठी. आभासी क्रमांक बहुधा सेवादात्याच्या नावावर असतो आणि व्यावसायिक त्याचा केवळ भाडेकरू. लँडलाइन क्रमांकाला तर भारतात ही सोयच नाही. दुकानाची पाटी, पिशव्या, टेम्पोची मागची बाजू यांवर छापलेला क्रमांक भाडे थकले किंवा सेवादाता बंद पडला की हातचा जातो. करार संपल्यावर क्रमांकाचे काय होणार, हे छपाईची ऑर्डर देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

‘मराठीसाठी एक दाबा’ छापाचा आयव्हीआर विक्रेते आग्रहाने गळ्यात मारतात. तीन माणसांच्या व्यवसायात तो अडथळाच ठरतो. तिथे हंटिंग पुरते : पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला रिंग, मग तिसऱ्याला. मेनू ठेवायचाच असेल, तर एकच पायरी आणि सुरुवातीलाच माणसाशी बोलण्याचा पर्याय असावा.

अ‍ॅपवरून इंटरनेटने बोलायचे असल्यास जी.७११ या प्रचलित पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस लागतात. वेग कमी पडतो असे सहसा होत नाही, उशीर मात्र नडतो. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक लागले की दोघेही एकदम बोलू लागतात. तातडीच्या ११२ साठी अशा प्रणालीवर विसंबू नये, हाताशी साधा मोबाइल असावा.

नियम : जाहिरातीचे कॉल करायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार नोंदणी करून १४० मालिकेतील क्रमांक घ्यावा लागतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने नोंदणी नसलेल्यांचे असे कॉल थांबवण्याचे आदेश दिले. उल्लंघन करणाऱ्याच्या जोडण्या २ वर्षांपर्यंत तोडता येतात आणि त्यात सिप व पीआरआय लाइनीही मोडतात. कॉल रेकॉर्ड होत असल्यास तसे ग्राहकाला सुरुवातीलाच ऐकवावे. रेकॉर्डिंगमध्ये नाव, पत्ता, आजार असा तपशील असतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्याची जबाबदारी सेवादात्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

एकट्याने चालवलेल्या व्यवसायाला यातले काहीच लागत नाही. वेगळे सिमकार्ड आणि २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस एवढ्यावर त्याचे भागते, आणि तो क्रमांकही त्याच्याच नावावर राहतो. फोन घेणारी माणसे दोनाहून अधिक झाली किंवा दिवसाचे किती कॉल सुटतात हे सांगता येईनासे झाले, की मग आभासी प्रणालीचा खर्च करावा.