मुंबईतील निवासी जागांच्या निष्कासन-कायद्याचा प्रवास : भाडेकरू, परवानाधारक आणि घुसखोर

मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्यास कायद्याच्या परिभाषेत काय म्हणावे, या प्रश्नाभोवती मुंबईच्या भाडेकायद्यांचा इतिहास फिरतो. व्यवहारात घरमालक अशा रहिवाशास घुसखोरच म्हणतो. परंतु कायद्याने त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळे नाव दिले आणि त्या नावावरच त्याचे घर टिकणार की जाणार हे ठरत गेले.

पहिल्या महायुद्धकाळातील टंचाईमुळे १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. मात्र खरा पाया घातला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने. भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविण्यात आले आणि कायद्यात नमूद कारणांखेरीज भाडेकरूस काढणे अशक्य झाले. फाळणीनंतरच्या निर्वासितांनी गजबजलेल्या शहरात हे संरक्षण आवश्यकच होते. तथापि त्यातूनच पागडी फोफावली आणि मनाई असूनही पोटभाडेकरू वाढले. १९५९ साली तोवरच्या पोटभाडेकरूंना वटहुकुमाने मान्यता द्यावी लागली.

भाडेकरार टाळण्यासाठी मालकांनी शोधलेली पळवाट म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. येथे रहिवाशास जागेत हक्क नाही, केवळ वापराची परवानगी आहे, असे कागदोपत्री दाखविले जाई. न्यायालयांपुढे वर्षानुवर्षे एकच वाद येई : कागद परवान्याचा, पण व्यवहार भाड्याचा तर नाही? अखेर १९७३ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घातले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली राहणाऱ्यांना भाडेकरू मानले. एका तारखेने असंख्य कुटुंबे सुरक्षित झाली. त्याच तारखेने मालकांच्या मनात कायमची धास्तीही बसली. रिकामी ठेवलेली घरे हे त्या धास्तीचेच एक फळ होय.

गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात मनमानी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. पण अधिनियमाची मुदत लवकरच संपणार असल्याने तो रद्द केला नाही. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपलेल्या निवासी परवानाधारकाविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. बचावासाठी रहिवाशाला आधी परवानगी मागावी लागते. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत करणे बंधनकारक केले असून ही जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी न झाल्यास, विरुद्ध पुरावा नसेल तर, अटींबाबत रहिवाशाचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

घाईत कुलूप बदलणाऱ्या मालकास मात्र यांपैकी कोणताही कायदा पाठीशी घालत नाही. कायदेशीर मार्गावाचून बेदखल झालेली व्यक्ती विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकते. त्या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्न विचारलाच जात नाही.