नानकटाई: सामान घरचं, आग दुसऱ्याची

वऱ्हाडातल्या गुरुकुंज मोझरीला संत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला असते. महाराज गेले 11 ऑक्टोबर 1968 ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. पंचमी झाली की धनत्रयोदशी आठ दिवसांवर येते आणि फराळाची घाई सुरू होते. चकली, शेव, अनारसे घरच्या कढईत निघतात. नानकटाईचं मात्र वेगळं. तिला भट्टी लागते.

म्हणून वऱ्हाडातल्या बाया मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरी गाठत. तिथं परातीत तूप-साखर तळव्यानं फेसायची, पांढरीफेक होऊन हलकी पडेपर्यंत. मग पीठ, चिमूटभर सोडा, वेलची. पेढ्याएवढे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडायचे, वर चारोळी दाबायची आणि आपला ट्रे कुठला हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. कारण भट्टीतून बाहेर येताना सगळ्या नानकटाया सारख्याच दिसतात आणि शेजारणीचं तूप आपल्यापेक्षा कमी असतं, अशी प्रत्येकीची खात्री असते.

ही भट्टीची गरज का पडावी? भाजणं वऱ्हाडाला नवं नाही. कणकेचे रोडगे गवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजतात. वरची राख फडक्यानं झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. पण रोडग्याला जाड साल असते, राख लागली तरी आतला भाग बचावतो. नानकटाई उघडी आणि तुपानं ठिसूळ. पिठाच्या निम्म्याच्या आसपास तूप असल्यानं पिठाला चिवटपणा येत नाही, म्हणूनच ती तोंडात विरघळते; आणि म्हणूनच तिला निखाऱ्यात टाकता येत नाही. तिला खालून-वरून कोरडी, बंद जागेतली आच हवी. आपल्या चुलीला वरची आच नव्हती, एवढीच गोष्ट.

तशी भट्टी सुरतेत होती. 17व्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तिथं वखार घातली, त्यांच्या पावासाठी बेकरी आली आणि डच गेल्यावर ती दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे राहिली, असं सांगतात. पण पावाला गिऱ्हाईक राहिलं नाही. ताडीनं फुगवलेल्या पिठाला आणि अंड्याला हिंदू घरं हात लावत नसत. तेव्हा दोन्ही वगळून तूप-साखरेचा जिन्नस निघाला. कथेत तिखटमीठ असेलही, पण नानकटाईत अंडं नसतं आणि ताडीही नसते, याचं कारण ती चोख सांगते. पुढं 1937 मध्ये डालडा आला आणि साजूक तूप परवडत नसलेल्या घरांतही ट्रे भरू लागले. चवीचं काय झालं, हा वादाचा विषय आहे. माझं मत साजूक तुपाच्या बाजूनं.

भट्टी घरात आणली ती कुकरनं. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मीठ किंवा वाळू अंथरायची, वर जाळी ठेवून ताटली. मीठ तापलं की झाकणाखालची हवा सगळीकडून भाजते. हाच कुकर आता डिसेंबरात चॉकलेटच्या कुकीला उपयोगी पडतो. कॅडबरी 1948 मध्ये भारतात आली, केरळात कोकोची लागवड 1965 पासून वाढली, आणि आता कोको पावडर तालुक्याच्या दुकानातही मिळते. नानकटाईच्या पिठात दोन चमचे मैदा कमी करून तेवढा कोको घातला की झालं.

या चॉकलेट कुकीला पेपरमिंटची जोड द्यायची तर ती मात्र जरा नाटकी. गोळ्यांतून ती आपल्याला लहानपणापासून ठाऊक, शिवाय तिच्यात असतो तो मेंथॉल जगात बराचसा उत्तर प्रदेशातल्या मेंथाच्या शेतांतून येतो, म्हणजे परकी ती नाहीच. पण तिचा गार वास उडून जाणारा. पिठात अर्क घातला तर निम्मा कुकरच्या झाकणाबाहेर जातो आणि घरभर दरवळतो, कुकीत उरत नाही. म्हणून कुकी पूर्ण निवू द्यायची. मग वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्काचे एक-दोन थेंब टाकून ती अर्धी बुडवायची. थेंब चमच्यानं मोजायचे नाहीत. ड्रॉपर नसेल तर काडीच्या टोकानं. तिसरा थेंब पडला की कुकीला दंतमंजनाची चव येते, आणि मुलं ती शेजाऱ्यांना वाटून मोकळी होतात.